कागद सापडला पाहिजे

बंगळूरच्या व्हाइटफील्डात राहणारी माणसं जगभरच्या कंपन्यांचे पगार, हिशेब आणि मालाचे साठे सांभाळणारी सॉफ्टवेअरं लिहितात. जर्मन एसएपीचं संशोधन केंद्र इथे आहे. जनरल इलेक्ट्रिकचं जॉन वेल्च तंत्रज्ञान केंद्र 2000 सालापासून इथे आहे. पट्टंदूर अग्रहारच्या मेट्रो स्टेशनावर उतरलं की आयटीपीएल या टेक पार्कच्या इमारती समोर उभ्याच. आठवडाभर तिथे लाखो नोंदी इकडून तिकडे पाठवणारी हीच मंडळी रविवारी सकाळी सोसायटीच्या मीटिंगला बसतात आणि लिफ्टच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीचा, करार शोधतात. करार असतो मागच्या सेक्रेटरींच्या जीमेलमध्ये, आणि सेक्रेटरी असतात सिएटलला.

मग कुणीतरी म्हणतं, "आपण एक डीएमएस घेऊ या." म्हणजे डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टीम: संस्थेचे सगळे कागद एका जागी ठेवणारी, हवा तो शोधून देणारी, कोणी कधी काय बदललं ते लक्षात ठेवणारी व्यवस्था. एकाच्या मते गूगल ड्राइव्ह पुरे. दुसऱ्याच्या कंपनीत शेअरपॉइंट आहे, म्हणून त्याला तेच हवं. तिसरा ओपन सोर्सवाला. तो अल्फ्रेस्को स्वतः बसवून द्यायला तयार असतो. फक्त दोन वर्षांनी सर्व्हर कोण सांभाळणार, ते त्याला विचारायचं नाही. तासभर लायसन्सच्या भावावर काथ्याकूट होतो. आपले कागद कोणते, किती आणि ते कुणाला कशासाठी लागतात, हा विषय चहाबरोबर निघतो आणि चहाबरोबर संपतो.

विषय वरून रुक्ष आहे खरा. पण थोडं आत शिरलं की थक्क व्हायला होतं. माणूस कागदावर विसंबून राहू लागला तेव्हापासूनच्या सगळ्या शंका या सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेल्या आहेत. हा कागद खरा कशावरून? लिहिला कुणी? मागाहून कुणी हात फिरवला का? आणि गरज पडेल तेव्हा तो मिळेल का? या शंकांवर मराठी मुलखात फार पूर्वी आणि फार बारकाईने काम झालेलं आहे. तेव्हा व्हाइटफील्डहून आधी पुण्याला जाऊ.

पुण्यातलं पेशवे दप्तर 1891 साली बांधून झालेल्या दगडी इमारतीत आहे. चौकोनी कापड अंथरायचं, त्यावर एका विषयाचे कागद रचायचे, समोरासमोरची टोकं बांधायची; हा झाला रुमाल. असे हजारो रुमाल तिथे आहेत, कागद कोट्यवधी, बहुतेक मोडी लिपीत. शाहू दप्तर, घडणी, पागा, पथके, प्रांत अजमास, चिटणिसी अशी त्यांची विभागणी. पेशवाईच्या भरात हुजूर दप्तराच्या, म्हणजे पेशव्यांच्या मध्यवर्ती कचेरीच्या, दोन मोठ्या शाखा होत्या. चालते दप्तर हे रोजच्या कामाचं: सनदा द्यायच्या, फौजेचा हिशेब ठेवायचा, रोजकीर्द लिहायची. एकबेरीज दप्तर मात्र कायम पुण्यातच असे. सगळ्या खात्यांचे हिशेब तिथे जमत, वर्गवार लागत आणि जमा, खर्च, शिल्लक यांचे गोषवारे तयार होत. त्यांना तर्जुमे म्हणत. नाना फडणविसांच्या काळात या कामावर सुमारे दोनशे कारकून होते. आजचे इंजिनियर चालू व्यवहारांचा डेटाबेस वेगळा ठेवतात आणि अहवालांचा वेगळा, म्हणजे एकाच्या भाराने दुसरा अडत नाही. नानांच्या कारकुनांना यात काही नवीन वाटलं नसतं.

1818 मध्ये पेशव्यांचं राज्य बुडालं तेव्हा इंग्रजांच्या एल्फिन्स्टनने मॅक्लिओड नावाच्या अधिकाऱ्याला हे दप्तर ताब्यात घेऊन लावायला बसवलं. कोणती जमीन इनाम, कुणाचा सरंजाम, कोणत्या गावचा वसूल किती, हे सांगणारा दुसरा भरवशाचा साक्षीदार नव्हता. राज्य तोफांनी मिळालं, चालवायला रुमाल लागले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मात्र दप्तराची शिस्त ढिली पडली होती. पद्धत तीच, खाती तीच. विचारणारं कोणी उरलं नव्हतं. डीएमएस विकत घेणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी, कारण ब्रोशरात ती नसते.

आता एक जुनं राजपत्र जवळून पाहा. कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून लांब पट्टी केलेली. सांध्यांवर शिक्का, म्हणजे मधला बंद काढून दुसरा चिकटवला तर शिक्क्याचे दोन अर्धे जुळणार नाहीत. मजकूर संपला की लगेच खाली मोर्तब, म्हणजे अखेरचा शिक्का. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' असे शब्द आहेत: लिखाणाची हद्द इथे झाली, याखाली कुणी एक ओळ घुसडली तर ती सरकारची नव्हे. शिवाय 'सुरू सूद', 'बार' अशा त्रोटक खुणा. कागद ठरल्या हातांतून गेला, तपासला गेला, दप्तरात त्याची नोंद झाली, याचा तो पुरावा. पत्र खोटं असल्याचा संशय आला तर दप्तरातली नोंद काढून ताडून पाहायची. मजकूर वेगळा आणि मजकुराविषयीची माहिती वेगळी, हे सूत्र इथे पक्कं आहे. या दुसऱ्या गोष्टीला हल्ली मेटाडेटा म्हणतात, आणि खुणांच्या साखळीला ऑडिट ट्रेल.

आता याच्या अगदी उलट वस्तू पाहायची तर परत व्हाइटफील्डच्या बाजूला यावं लागतं. बंगळूर, होसकोटे, कोलार हा पट्टा सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होता. आजचं व्हाइटफील्ड त्याच पट्ट्यात येतं. पुढे एकोजीराजांच्या काळात बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं. याच राजाने कारभाराची अठरा खाती पाडली. बंगळूरच्या कब्बन पार्कसमोरची हायकोर्टाची लाल इमारत अजून 'अट्टारा कचेरी' म्हणून ओळखली जाते. या मुलखात हिशेब लिहायला कडत वापरत. जाड सुती कापडावर चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप द्यायचा, वाळलं की घडी-घडीने दुमडायचं आणि मऊ पांढऱ्या दगडाच्या कांडीने लिहायचं. काळ्यावर पांढरं. चुकलं की पुसा, जागा संपली की लेप देऊन पुन्हा वापरा. कर्नल विल्क्सने म्हैसूरच्या इतिहासात याचं वर्णन केलं आहे, शृंगेरी मठाची कडतं तर आजही टिकून आहेत. कन्नड कचेऱ्यांत फाइलीला अजून कडतच म्हणतात.

कडत सोयीचं खरं, पण पुसलेलं काय होतं ते कळायला मार्ग नाही. साधं शेअर्ड फोल्डर हे आजचं कडत आहे. कुणीतरी बजेटची एक्सेल फाइल उघडतो, आकडा बदलतो, सेव्ह करतो. जुना आकडा गेला. डीएमएसमध्ये फाइल 'चेक-आउट' करून घ्यावी लागते, तेवढ्या वेळात दुसऱ्याला ती बदलता येत नाही, आणि परत ठेवली की नवी आवृत्ती जुन्यावर न चढता तिच्या शेजारी बसते. जुनी तशीच राहते, नाव, तारीख, वेळ यांसकट.

आणि सांध्यावरच्या शिक्क्याचं काय झालं? तो आता गणितात गेला आहे. कोणतीही फाइल, मग ती दोन ओळींची नोटीस असो की हजार पानांचा नकाशासंच, एका गणिती चरकातून काढली की 64 अक्षरांची एक ओळ बाहेर पडते. या ओळीला हॅश म्हणतात आणि एसएचए-256 ही पद्धत त्यासाठी सर्रास वापरली जाते. तीच फाइल हजारदा घाला, हजारदा तीच ओळ येईल. पण हजार पानांत एक स्वल्पविराम हलवा, आणि ओळ ओळखूच येणार नाही इतकी पालटते. निघू शकणाऱ्या निरनिराळ्या ओळींची संख्या लिहायला 78 आकडे लागतात. त्यामुळे दोन वेगळ्या कागदांची ओळ योगायोगाने एकच यावी, अशी भीती बाळगायचं कारण नाही. ओळीवरून मूळ कागद मात्र तयार करता येत नाही. म्हणजे गुपित न उघडता खरेपणा तपासता येतो! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात ही हॅश लिहायची असते. सांध्यावरचा शिक्का आता कोर्टातही चालतो म्हणायचा.

ठेवलं आणि खरं ठरलं. आता सापडलं पाहिजे. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 च्या सुमारास निघाले. त्यासाठी इतिहासकार जदुनाथ सरकारांनी मुंबई सरकारकडे केवढा पाठपुरावा केला होता! आणि तरी साऱ्या दप्तराचा हा एक लहानसा अंश. माणसाने एकेक कागद वाचून निवडायचा म्हटलं की एवढाच वेग.

यंत्राचा वेग दांडगा, पण त्याला आधी दिसायला हवं. ए-फोर कागद नेहमीच्या 300 डीपीआयवर स्कॅन केला की सुमारे 87 लाख ठिपके मिळतात. त्यात अक्षर एकही नसतं. स्कॅन करून ठेवलेली पीडीएफ ही यंत्राच्या दृष्टीने भिंतीवरच्या डागांसारखीच. तिच्यात शब्द शोधायला गेलं तर काहीच हाती लागत नाही. 'आमचं सगळं रेकॉर्ड डिजिटल झालं' असं सांगणाऱ्या कितीतरी संस्थांकडे अशा ठिपक्यांचा डोंगर असतो, दुसरं काही नसतं. ठिपक्यांतून अक्षरं ओळखायचं काम ओसीआरचं. टेसरॅक्ट हे त्यातलं गाजलेलं सॉफ्टवेअर एचपी कंपनीत 1985 च्या सुमारास सुरू झालं, मग दहाएक वर्षं धूळ खात पडलं, 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि आता मराठी-कन्नडसुद्धा वाचतं. छापील मजकूर बरा वाचतं. हस्ताक्षर आलं की अडखळतं, आणि मोडीसाठी अजून प्रामुख्याने जाणकार माणसांवरच भिस्त आहे.

अक्षरं मिळाली की पुढची करामत. शोधताना यंत्र कागद वाचत बसत नाही. कागद आत येतानाच ते प्रत्येक शब्दापुढे तो कुठे कुठे आला त्याची यादी करून ठेवतं, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. 'लिफ्ट' म्हटलं की एक यादी, '2019' म्हटलं की दुसरी. दोन्हींत जे समान ते तुमच्यापुढे. लाखो पानांतून डोळ्याचं पातं लवेपर्यंत उत्तर येतं ते यामुळे. कष्ट आधीच केलेले असतात.

मराठी संस्थांचं घोडं पेंड खातं ते इथे. 'ॲडव्होकेट' आणि 'अॅडव्होकेट' हे दोन शब्द पाहा. डोळ्यांना एकच दिसतील. पण पहिल्यात 'ॲ' हे एकसंध अक्षर आहे, युनिकोडमध्ये ते 2008 साली आलं. दुसऱ्यात 'अ' लिहून त्यावर चंद्र दिला आहे. यंत्राच्या लेखी हे दोन भिन्न शब्द. तसंच 'अधिकाऱ्यांचा' मधल्या अर्ध्या र चं. तो दोन रीतींनी टाइप होतो, पडद्यावर फरक शून्य, शोधायला गेलात तर एका रीतीने लिहिलेले कागद दुसऱ्या रीतीच्या शोधात येतच नाहीत. आणि युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली? त्यांत खरं तर रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं सोंग देतो. फॉन्ट नसेल तर समोर नुसता कचरा. चांगली व्यवस्था कागद आत घेतानाच ही रूपं सारखी करून घेते. विकायला आलेल्या माणसाला हे विचारून बघा. बहुतेकदा तो "सपोर्ट आहे सर" म्हणतो. त्याच्या लॅपटॉपवर तुमची फाइल घालून दाखव म्हटलं की पुढची मीटिंग ठरते.

नुसत्या शब्दशोधाने भागत नाही, कारण कागदात लिहिलेलं नसतं तेही आपल्याला हवं असतं. आणि इथे व्हाइटफील्डचंच उदाहरण फार बोलकं आहे. हे गावच मुळी एका दानपत्रातून उभं राहिलं. 1882 मध्ये म्हैसूरच्या चामराज वडेयर महाराजांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशनला वसाहतीसाठी 3,900 एकर जमीन दिली. संस्थेचे पुढारी व्हाइट यांचं नाव वसाहतीला मिळालं. आसपास कडुगोडी, हूडी, हगदूर ही जुनी गावं. आज इथल्या एखाद्या इमारतीची मालकी तपासायला बसलात तर मागे मागे जाताना सर्व्हे नंबरचा शेतीचा उतारा लागतो. ग्रामपंचायतीच्या पावत्या लागतात. मग महादेवपुरा नगरपालिकेचा खाता, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा उतारा. 2007 पासून बीबीएमपीचा, म्हणजे बृहत् बंगळूर महानगरपालिकेचा. आणि सप्टेंबर 2025 मध्ये बीबीएमपीही गेली, पाच महापालिका झाल्या, व्हाइटफील्ड बंगळूर पूर्व महापालिकेत आलं. भिंती त्याच, विटा त्याच, कचेरीचं नाव मात्र पुन्हा पुन्हा बदललं.

आता ज्याने 'बीबीएमपी' असं फोल्डर करून त्यात सगळं टाकलं, त्याने काय करायचं? नवं फोल्डर उघडायचं की जुन्याचं नाव बदलायचं? मालमत्ता कराची पावती कराच्या फोल्डरात ठेवायची, का इमारत 'बी'च्या, का 2023 च्या? फोल्डरात कागद एकाच जागी राहू शकतो, हा त्याचा मूळचाच दोष आहे. कपाटाची मर्यादा आपण उगाच संगणकात नेली. मेटाडेटावर चालणाऱ्या व्यवस्थेत कागदाला जागा नसतेच, गुण असतात. प्रकार: कर पावती. इमारत: बी. वर्ष: 2023. देणारं कार्यालय: त्या वेळी जे होतं ते. मग ज्या बाजूने विचाराल त्या बाजूने तो पुढे येतो. किती गुण भरायचे ते मात्र हात आखडून ठरवावं. पंधरा रकाने भरायला लावले की लोक सगळीकडे 'इतर' निवडतात. माझ्या मते पाचाच्या पुढे जाऊ नये.

कर्नाटकातच या साऱ्याचं मोठं उदाहरण आहे. शेतजमिनीचे उतारे गावोगावच्या लेखापालांच्या वह्यांत असायचे. 'भूमी' प्रकल्पात 2000 सालच्या आसपास 67 लाख शेतकऱ्यांचे सुमारे 2 कोटी उतारे संगणकात आले, तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत छापील उतारा मिळू लागला, आणि हाती लिहिलेला उतारा बाद ठरला. हा शेवटचा निर्णय सगळ्यांत धाडसी. जुनी वाट उघडी ठेवली असती तर नवी ओस पडली असती. दुसरी गंमत म्हणजे फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, मधला उचलता येणार नाही, असं सॉफ्टवेअरनेच बांधून टाकलं. नोंद करणाऱ्याला बोटाचा ठसा देऊन आत यावं लागे. वशिल्याची एक चोरवाट कोडच्या काही ओळींनी बुजवली. डीएमएस निवडणं म्हणजे संस्थेत कोणाच्या हातात काय राहणार ते निवडणं, ही गोष्ट इथे लख्ख दिसते. म्हणूनच काही संस्थांत ते कधीच निवडलं जात नाही.

ठेवण्याइतकंच टाकणंही आलं. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत काम केलेल्या कुणालाही अ, ब, क, ड सांगायला नको: अ कायम, ब तीस वर्षं, क-1 दहा, क पाच, ड एक वर्ष. जोडीला टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायची 'सहा गठ्ठे पद्धत'. 1980 च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी आणि अभिलेख कक्ष यांची जी घडी बसवली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. खासगी संस्थांकडे अशी अक्षरं नसतात, म्हणून त्या एकतर सगळं ठेवतात, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत नको ते रद्दीत घालतात. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, त्याआधी फेकून चालत नाही. उलट सोसायटीच्या कपाटात पडलेल्या भाडेकरूंच्या, ड्रायव्हरांच्या, मोलकरणींच्या आधारच्या झेरॉक्स बघा. माणूस चार वर्षांपूर्वी सोडून गेला, झेरॉक्स तिथेच. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा म्हणतो की काम संपलं की माहिती पुसा. घेताना व्यवस्थेला मुदत सांगता आली पाहिजे, आणि मुदत भरली की तिने आपणहून आठवण केली पाहिजे.

जळण्या-भिजण्याचं थोडक्यात सांगतो. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, माणसं गेली आणि फाइलीही गेल्या. दुसऱ्या शहरात एक प्रत असणं आणि ती प्रत वर्षातून एकदा खरोखर उघडून पाहणं, याला पर्याय नाही. न उघडलेला बॅकअप हा नुसता समज असतो. आणि मूळ कागद टाकून देऊ नका: मृत्युपत्र, ट्रस्टचा करार हे आजही कागदावरच लागतात.

आता बाहेर पडण्याचं. डॉक्युमेंटम ही कंपनी 1990 मध्ये निघाली. तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं बोइंग 777 विमानाच्या प्रशिक्षण पुस्तिकांची हजारो पानं सांभाळण्याचं, दुसरं एका औषध कंपनीचे परवान्याचे अर्ज जुळवण्याचं. पुढे ती 2003 मध्ये ईएमसीने घेतली, 2016 मध्ये ईएमसीच डेलकडे गेली, 2017 मध्ये हा विभाग ओपनटेक्स्टला विकला गेला. तिच्या संस्थापकांपैकी एक जॉन न्यूटन यांनी 2005 मध्ये अल्फ्रेस्को काढली; तीही 2020 मध्ये हायलंडने घेतली. हे या धंद्यातले दादा. त्यांच्याही दारावरची पाटी इतक्यांदा बदलते, मग तीस वर्षं ठेवायचा कागद तुम्ही एका कंपनीच्या हवाली कसा कराल? उत्तर एकच: एक दिवस निघायचंय असं धरून आत शिरायचं. कागद पीडीएफ-ए मध्ये ठेवावेत. 2005 चं हे आंतरराष्ट्रीय मानक फॉन्टसुद्धा फाइलीतच बांधून देतं, त्यामुळे देवनागरी वीस वर्षांनीही देवनागरीच दिसते. आणि मेटाडेटा, आवृत्त्या, नोंदींची साखळी हे सगळं साध्या फाइलींत बाहेर काढता आलं पाहिजे. नुसते कागद परत मिळाले आणि त्यांवरच्या खुणा मागे राहिल्या, तर हाती रुमाल सुटलेले कागद उरतात.

मग घ्यायचं काय? पन्नास-शंभर घरांच्या सोसायटीला, छोट्या शाळेला, मंडळाला माझ्या मते महागडं काहीच नको. संस्थेच्या नावाचं खातं, कुणा एकाचं वैयक्तिक नव्हे, त्यात आवृत्त्या ठेवणारी साधी क्लाउड सोय, ठरलेले पाच गुण आणि दर आठवड्याला तासभर बसणारी एक व्यक्ती. ही व्यक्ती नसेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, दोन वर्षांत त्याचं कडत होतं. इस्पितळ, कारखाना, बँक असेल, कागदाच्या प्रत्येक हालचालीचा जाब द्यावा लागत असेल, तर मोठी व्यवस्था आणि तिच्यासाठी पगारी माणूस असा एकत्रच विचार करावा.

आणि डेमो व्हेंडरच्या कागदांवर कधी पाहू नका. त्याचे कागद सुंदरच असतात. आपला सगळ्यांत वाईट गठ्ठा काढा. कन्नड कराची पुसट पावती, पावसात भिजलेला मंजूर नकाशा, जुन्या फॉन्टातलं मराठी पत्र, व्हॉट्सॲपवर आलेला तिरका फोटो. ते त्याच्यासमोर आत घाला आणि तुमच्यातल्या संगणकाशी सर्वांत कमी दोस्ती असलेल्या माणसाला शोधायला बसवा. सापडलं तर पुढचं बोला. मग त्यालाच सांगा की हे सगळं आत्ताच्या आत्ता बाहेर काढून पेनड्राइव्हवर दे. पैशांची बोलणी त्यानंतर करा.